मागच्या बाकावर कुमुदकाकू

टूनगॅबीच्या आमच्या मराठी मंडळात कुणाकडे स्थळ सांगून आलं की आधी पत्रिका बघायचे आणि मग कुमुदकाकूंना फोन करायचे. पत्रिका जुळते की नाही हे सांगायला पुण्याचे गुरुजी होते, व्हिडिओ कॉलवर. मुलगा इथे सिडनीत काही भानगड करून बसला आहे का, हे सांगायला कुमुदकाकू. निदान लोकांची तशी समजूत होती. काकू कोर्टात दुभाषी होत्या. हिंदी किंवा मराठी बोलणारा माणूस एखाद्या प्रकरणात सापडला आणि इंग्रजीत अडला की कोर्ट काकूंना बोलावून घ्यायचं. म्हणजे शहरातल्या आपल्या लोकांचे सगळे प्रताप काकूंच्या कानावरून गेलेले असणार, असा लोकांचा सरळ हिशेब होता आणि तो खराही होता. फक्त त्या कानांकडून तोंडाकडे येणारा रस्ता काकूंनी कायमचा बंद करून टाकला होता.

गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी त्यांना हळूच बाजूला घ्यायचं, इकडेतिकडे बघायचं आणि एक नाव सांगायचं. काकू नाव नीट ऐकून घ्यायच्या. मग चेहऱ्यावरची रेष हलू न देता प्रत्येकाला तेच सांगायच्या, त्याच शब्दांत, त्याच सुरात. की बाबा रे, नाव टाकलं आणि माणसाचे जुने गुन्हे बाहेर पडले, असं कुठलंही खातं या शहरात सर्वांसाठी उघडं नाही. ज्याचं रेकॉर्ड त्याचं. पोलीस चेक, म्हणजे नावावर गुन्हे आहेत की नाहीत याचा दाखला, त्याने स्वतः काढायचा आणि वाटलं तर तुम्हाला दाखवायचा. येत्या दिवसांत कोर्टाने कुणाला बोलावलं आहे ती यादी मात्र नेटवर असते, आडनाव टाका, दिसेल. मोठ्या खटल्यांचे निकाल बरेचदा नेटवर असतात, तेही फुकट वाचा. जुन्या प्रकरणाचे कागद हवे असतील तर कोर्टाच्या खिडकीवर कारण सांगून मागा, द्यायचे की नाही ते ठरवतील. आणि कोर्टाचं दार सहसा उघडं असतं. लहान मुलांची प्रकरणं वगैरे सोडली तर आत जाऊन मागे बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. त्याला गुपित हवं असायचं आणि मिळायचा तो नागरिकशास्त्राचा तास. मी एकदा म्हटलं, काकू, समोरच्याप्रमाणे जरा तरी बदलून सांगत जा. तर म्हणाल्या, एकाला जरी वेगळं सांगितलं तरी लोक त्यातून अर्थ काढतील. कोणाचं प्रकरण मला माहीत आहे आणि कोणाचं नाही, हे माझ्या आवाजावरूनसुद्धा कळता कामा नये.

मी आणि माझी धाकटी बहीण मुग्धा काकूंच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होतो. मी आयटीत, मुग्धा आधी युनिव्हर्सिटीत आणि मग एका चाइल्डकेअरमध्ये. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रोहन मेलबर्नकडे वेरिबीला होता, फरशा बसवण्याचा त्याचा धंदा होता आणि रोज संध्याकाळी न चुकता त्याचा फोन यायचा. तेव्हा रोजच्या जगण्यात काकूंच्या वाट्याला आम्ही आणि आमच्या वाट्याला काकू. मला उलट बोलायची खोड आहे, आईला ती कधी आवडली नाही. काकूंना आवडायची, कारण दिवसभर त्यांना दुसऱ्यांचंच बोलणं बोलावं लागायचं.

दिसायला काकू एवढ्याशा. पंजाबी ड्रेसवर निळा ब्लेझर, पायात रनिंग शूज. कोर्टात आत शिरताना समोरच्या राजचिन्हाला मान लववायची पद्धत आहे. ती त्यांच्या मानेत इतकी मुरली होती की त्या कुठल्याही खोलीत शिरताना किंचित वाकायच्या. दंतवैद्याकडे, बँकेत, आमच्या फ्लॅटमध्येसुद्धा. मंडळात नवीन आलेल्यांना वाटायचं, काय नम्र बाई आहे. नम्र वगैरे काही नव्हत्या. भाजीच्या दुकानात भेंडी मोडून बघू दिली नाही म्हणून त्यांनी दुकानदाराशी घातलेला वाद मी ऐकलेला आहे.

दुसरी सवय याहून अवघड. दुभाष्याने समोरचा बोलेल ते त्याच्याच तोंडचं म्हणून बोलायचं असतं. तो म्हणाला 'मी पळालो', तर यांनीही 'मी पळालो' म्हणायचं. 'हा म्हणतो की तो पळाला' असं नाही. काकू घरीही तसंच सांगायच्या. एकदा सकाळी कपडे वाळत घालताना त्या शांतपणे म्हणाल्या, काल रात्री मला चक्कर आली, बाथरूममध्ये पडलो, डोक्याला खोक पडली. मी हातातली चादर टाकून त्यांचं डोकं तपासायला धावले. ते शेजारच्या टोनीचं डोकं होतं.

आणि बाहेर भेटलेल्या माणसाला ओळख द्यायची नाही, हा त्यांचा नियम. गिरावीनच्या इंडियन दुकानात एकदा डाळींच्या रांगेत एक मध्यमवयीन गृहस्थ काकूंना बघून थबकले. त्यांचे डोळे भरून आले. काकूंनी तूरडाळीच्या पिशवीवरची तारीख वाचायला घेतली. गृहस्थ जवळून गेले, जाताना त्यांनी काकूंच्या ट्रॉलीतून खाली पडलेली कोथिंबिरीची जुडी उचलून परत ठेवली आणि निघून गेले. मी विचारलं कोण होते. माहीत नाही, म्हणाल्या. मग गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितलं की मी ओळख दाखवली तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळतं, ही ओळख कुठली ते. म्हणून मी या गावात अर्ध्या लोकांना ओळखत नाही.

यांच्याकडून उत्तर मिळेना म्हणून मंडळाच्या सानेकाकांनी मुलीच्या स्थळासाठी स्वतःच शोध लावायचं ठरवलं. नेटवर त्यांना एक झकपक साइट सापडली, त्यांनी पैसे भरले आणि मुलाचं नाव टाकलं. छापील रिपोर्ट घेऊन ते काकूंकडे आले तेव्हा मी तिथेच चहा पीत होते. सानेकाका हादरलेले होते. मुलाच्या नावावर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा होता, चोरीच्या गाड्या विकल्याची. काकूंनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. म्हणाल्या, साने, हे ओहायोतले गृहस्थ आहेत आणि साठी उलटलेले आहेत. आणि फेलनी हा अमेरिकेतला शब्द झाला, इथे आता वापरत नाहीत. इथे जो शब्द नाही त्याचं रेकॉर्ड इथे कुठून मिळणार. सानेकाका ओशाळले. आता करू काय, म्हणाले. काकूंनी सुचवलं की सरळ मुलाला म्हणा, तुझा पोलीस चेक दे, आणि आमच्या मुलीचा आम्ही देतो.

आमच्या मुलीचा कशाला, सानेकाका चिडून म्हणाले. काकू म्हणाल्या, पत्रिका एकाच बाजूची बघता का?

सानेकाकांनी खूप खळखळ केली, पण शेवटी दोन्ही चेक निघाले आणि दोन्ही कोरे निघाले. त्या लग्नानंतर मंडळात ती पद्धतच पडली. पत्रिका, फोटो आणि दोन्हीकडचे पोलीस चेक. पुण्यामुंबईकडचे नातेवाईक हसायचे, पण कुणाला कमीपणा वाटायचा नाही, कारण दोघांनाही काढावा लागायचा. काही वर्षं सरळ वागलं की जुन्या छोट्या शिक्षा त्या कागदावर येतही नाहीत, हे काकू मुद्दाम सांगायच्या. कायदा विसरतो तेवढं तरी आपण विसरावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता मुग्धाची गोष्ट. निशांत नाशिकचा, इथे एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. दोघांचं त्यांनीच ठरवलं होतं, आम्हाला फक्त कळवलं होतं. मुलगा मला आवडला होता. कमी बोलायचा, घरी आला की न सांगता बशा विसळून ठेवायचा. साखरपुडा दिवाळीत आमच्या गावी, सांगलीला करायचा घाट होता. आईने मात्र फोनवर मला बजावलं, बाबा नाहीत, तिथे मोठी तू आहेस, जरा चौकशी कर. मी म्हटलं करते. एका रविवारी दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात बसून, त्या मटार सोलत असताना, त्यांच्याच शिकवणीप्रमाणे मी कोर्टाची यादी उघडली आणि निशांतचं आडनाव टाकलं. काही निघणार नाही याची इतकी खात्री होती की डाव्या हाताने मटार खात होते.

नाव निघालं. आडनाव, पहिलं नाव, मधलं वडिलांचं नाव, सगळं. पॅरामॅटाचं कोर्ट, पुढच्या आठवड्यातला शुक्रवार.

माझ्या डोक्यात एकदम दहा गोष्टी आल्या. मी आईला फोन लावायला घेतला. काकूंनी ओल्या हातानेच माझा हात धरला आणि फोन खाली ठेवायला लावला. म्हणाल्या, यादीत नाव आहे म्हणजे त्याला बोलावलंय, एवढंच. कशाला बोलावलंय आणि त्याने काय केलंय हे त्यात नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग त्या दिवशी मी रजा टाकते, कॅप घालते, मास्क लावते आणि मागे जाऊन बसते. दार उघडं असतं ना? सगळं ऐकते आणि मग घरी येऊन काय ते बोलते.

काकूंनी मटाराचं ताट बाजूला सरकवलं. खिडकीबाहेर बघत, कोर्टातल्या त्यांच्या सपाट आवाजात त्या बोलायला लागल्या.

"मी रागात होतो. त्याने माझ्या मित्राला शिवी दिली होती. मी एकदाच मारलं. तो मागे पडला, डोकं फुटपाथला लागलं. मला वाटलं उठेल."

मला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं, हे रोहनचं बोलणं आहे. युनिव्हर्सिटीत असताना पबबाहेरची मारामारी. तो दुसरा मुलगा वाचला, पण त्याला एका कानाने ऐकू येईनासं झालं. रोहन काही महिने तुरुंगात होता. रोज संध्याकाळी फोनवर आईला जेवलीस का विचारणारा रोहन.

काकू सांगत होत्या की ज्या इमारतीत त्या कामाला जायच्या तिथेच त्याचा खटला होता. त्या दिवशी त्या दुभाषी नव्हत्या, आरोपीची आई होत्या, म्हणून मागच्या बाकावर. तोवर मंडळात यादी कशी बघायची हे त्यांनी सगळ्यांना शिकवून झालं होतं. त्यामुळे सगळ्यांनी बघितली होती. तारीख, वेळ, कोर्टाची खोली, सगळं सगळ्यांना माहीत होतं.

मी विचारलं, मग कोण कोण आलं?

"कुणी नाही. चांगली माणसं आहेत गं सगळी. मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी माहीतच नसल्यासारखं केलं. आदल्या दिवशी देवळात भेटले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. नंतर महिनाभर कुणी ना कुणी डबे आणून देत होतं, उगाच केले होते म्हणून. डबे खूप आले. पण त्या बाकावर मी एकटी होते. रोहनने एकदा मागे वळून पाहिलं. मी एकटी दिसले. परत त्याने वळून पाहिलं नाही."

मला सानेकाका आठवले, मंडळातले बाकीचे आठवले. त्यांच्यातल्या एकाच्याही मनात वाईट नव्हतं हे मलाही माहीत होतं. आपल्याकडे अशीच रीत आहे. दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकू आलं तरी सकाळी आपण काही ऐकलंच नाही असं भेटतो, आणि त्याला सभ्यपणा म्हणतो. मी असते तर मीही डबाच नेला असता.

"तेव्हा यादी बघायची तर बघ," काकू म्हणाल्या. "पण बघितलीस तर ज्याचं नाव आहे त्याला सांगायचं की बघितली. न सांगता जाऊन बसलीस तर ती पाळत झाली. सांगून बसलीस तर सोबत. बाक तोच असतो." मग परत मटार घेत त्यांनी विचारलं, लग्न तुझं आहे की मुग्धाचं? मी म्हटलं मुग्धाचं. मग आधी तिला सांग, आईला तिचं ती सांगेल.

मुग्धाला सांगितल्यावर जे झालं ते सगळं लिहीत नाही. तिचा पहिला राग निशांतवर नव्हता, माझ्यावर होता. "ताई, तू त्याला सर्च केलंस? सीरियसली? लाइक ही इज सम क्रिमिनल?" असं म्हणून ती बाथरूममध्ये जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा फोन हातात होता आणि निशांत निघाला होता.

तो आला तेव्हा काकू उठून जायला निघाल्या. मुग्धानेच त्यांना थांबवलं. निशांत खुर्चीच्या कडेवर बसला, चहाला हात लावला नाही. पहाटेच्या शिफ्टला गाडी घेऊन जात होता. एक रस्ता बंद होता म्हणून फोनवरचा नकाशा बघायला मान खाली घातली. झेब्रा क्रॉसिंगवरून एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन चालले होते, त्यांना गाडीची धडक बसली. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, अजून ते वॉकर घेऊन चालतात. त्याने गुन्हा कबूल केला होता आणि शुक्रवारी शिक्षा ठरणार होती. वकील म्हणाला होता की बहुतेक तुरुंग होणार नाही, पण होऊही शकतो. हे सगळं त्याने आमच्यापैकी कुणाकडेही न बघता सांगितलं. मधे एकदाही पण, परंतु आलं नाही. ते बरोबर होते, मी बघत नव्हतो, असं मात्र तो दोनदा म्हणाला.

मुग्धाने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"मग?"

"तिथे उभा असलेला मी तुला दिसायला नको होतो."

मुग्धा खूप वेळ हातातल्या फोनचं कव्हर काढत आणि घालत होती. शेवटी म्हणाली, मी येणार आहे, तिथे काय वाचतात ते मला ऐकायचंय, लग्नाचं त्यानंतर बघू. हे ती इतक्या थंडपणे म्हणाली की मला वाटलं, मोडलं. निशांतलाही तसंच वाटलं असणार. तो फक्त ओके म्हणाला आणि जाताना नेहमीप्रमाणे बशा विसळायला वळला. मुग्धाने त्याच्या हातातून कप काढून घेतला. राहू दे, म्हणाली.

तो आठवडा आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. मुग्धा चाइल्डकेअरला जायची, यायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी काकूंना विचारायची, तुम्हाला काय वाटतं, कसा आहे मुलगा, तुम्ही इतकी माणसं बघितलीत. त्यांनी एकदाही मत दिलं नाही. इतकंच म्हणाल्या, त्याने इथे जे सांगितलं आणि तिथे जे वाचलं जाईल ते जुळतंय का हे मुग्धा तिच्या कानांनी ऐकेल. लग्नाआधी एवढं ऐकायला मिळतं कुणाला.

शुक्रवारी आम्ही तिघी ट्रेनने पॅरामॅटाला गेलो. काकू तेव्हा रिटायर झालेल्या होत्या, तरी ब्लेझर घातला होता. दारातल्या तपासणीत त्यांचा शंकरपाळ्यांचा डबा मशीनमधून गेला आणि तिथल्या गार्डने ओळखीचं हसून विचारलं, "मॉर्निंग, कुमुद. वर्किंग टुडे?" काकू म्हणाल्या, "नो, मेट. फॅमिली."

आत शिरताना त्यांनी मान लववली. त्यांचं बघून मुग्धाने आणि मीही लववली. निशांत वकिलाजवळ बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मानेवर नुकतेच कापलेले केस. आम्ही आलोय हे त्याला माहीत होतं, पण त्याने वळून पाहिलं नाही. मुग्धा समोर बघत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते.

पोलिसांच्या बाजूच्या बाईंनी झालेली हकिकत वाचली. वेळ, रस्ता, झेब्रा, फोन. एकेक गोष्ट त्याने सांगितल्याप्रमाणेच होती. आणि मग त्याने न सांगितलेली एक आली. अँब्युलन्स येईपर्यंत आरोपीने आपलं जॅकेट काढून गृहस्थांच्या डोक्याखाली ठेवलं होतं, त्यांचा हात धरला होता आणि दुसऱ्या हाताने बिथरलेल्या कुत्र्याचा पट्टा. हे आपल्या बाजूचं होतं, म्हणून त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर त्या गृहस्थांचं म्हणणं वाचलं गेलं. कुत्र्याला आता मुलगी फिरवते, माझा कुणावर राग नाही, पण रस्ता ओलांडायची भीती बसली आहे. निशांतची मान आणखी खाली गेली. मुग्धाने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले.

मॅजिस्ट्रेट बाईंनी वकिलाला विचारलं, तुमच्या अशिलाचं इथे कुणी आहे का? आई-वडील भारतात असतात, युअर ऑनर, असं वकील म्हणाला आणि पुढे काय बोलावं हे न सुचून त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं.

मी मुग्धाला कोपर मारणार तेवढ्यात काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मुग्धाकडे किंचित कलून त्या इतकंच म्हणाल्या, "उठायचं की नाही ते तुझं तू ठरव. बसून राहिलीस तरी चालेल."

मुग्धा उठली. मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि आपण कोण असं विचारलं. मुग्धाने तोंड उघडलं, थांबली. निशांतने तेव्हा पहिल्यांदा मागे वळून पाहिलं.

"आय अॅम हिज फियान्से, युअर ऑनर," मुग्धा म्हणाली. "अँड दॅट्स माय सिस्टर. अँड अवर काकू."

त्या कोर्टात काकू या शब्दाचा दुभाष्या कुणी नव्हता, पण बाईंना कळलं असावं. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. सांगलीला दिवाळीत व्हायचा साखरपुडा असा पॅरामॅटाला उरकला, गुरुजी नाहीत, पेढे नाहीत, सगळे रडतायत. तुरुंग झाला नाही. लायसन्स बराच काळ गेलं आणि समाजसेवेचे तास लागले. पुढे शनिवारी-रविवारी तो पार्कातले बाक रंगवायला जायचा आणि लायसन्स नसल्यामुळे मुग्धा त्याला सोडायला. आईला निशांतने स्वतः व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. आई आधी रडली, मग तिने विचारलं, त्या आजोबांचा खुबा आता कसा आहे? तेव्हाच मला कळलं की हे लग्न होणार.

लग्न झालं, छान झालं, आता त्यांना एक मुलगी आहे. पोलीस चेकचीही देवाणघेवाण झाली. मुग्धाचा कोरा, निशांतचा कोरा नाही. मुग्धाने दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवले आहेत. लग्नाला काकू मात्र नव्हत्या. त्या शुक्रवारनंतर पंधरा दिवसांतच त्या घर आवरून वेरिबीला रोहनकडे राहायला गेल्या. गुडघे संपले होते. ठरलेलं होतं ते, आमच्यासाठीच थांबल्या होत्या हे नंतर रोहनकडून कळलं. सामान न्यायला तो आला तेव्हा मी नेमकी कामासाठी ब्रिस्बेनला होते. पुढे फोन होत राहिले, भेटू भेटू म्हणताना भेट झाली नाही, आणि मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मंडळाच्या ग्रुपवर शोकसंदेशात त्यांना थोर समाजसेविका म्हटलं होतं. वाचून मला रागच आला. समाजसेवा कसली? माझ्या बहिणीचा संसार त्यांच्यामुळे उभा आहे आणि त्या बदल्यात मी त्यांना धड एक नमस्कारही केलेला नाही. तो इथे करते.

माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या त्याच शुक्रवारच्या. निशांतचं प्रकरण संपलं आणि आम्ही बाहेर निघालो. मुग्धा आणि तो पुढे गेले. मी काकूंसाठी थांबले तर त्या उठेनात. तुम्ही व्हा पुढे, मी जरा बसते, म्हणाल्या. मला वाटलं गुडघा धरला असेल. दाराबाहेर येऊन काचेतून पाहिलं तर पुढचं प्रकरण पुकारलं होतं. एक थोराड माणूस उभा राहिला होता, ट्रक ड्रायव्हर असावा, अंगाला घट्ट होणारा कोट. कुठला होता कोण जाणे, आपल्याकडचा नव्हता. आमच्यामुळे भरलेले मागचे बाक आता रिकामे झाले होते. काकूंनी एक हात बाकाच्या पाठीवर टेकून स्वतःला उठवलं, पर्स आणि शंकरपाळ्यांचा डबा उचलला आणि सावकाश चालत पुढच्या ओळीत, तो वळला तर त्याला दिसेल अशा जागी, जाऊन बसल्या.

त्याने वळून पाहिलं. काकूंनी आपल्या माणसाला करतात तशी मान हलवली. तो क्षणभर बघत राहिला, मग त्याने कोट नीट केला आणि पुढे तोंड करून सरळ उभा राहिला.